शब्बाथचं भांडं आणि डुकराचा चॉप

१९७१ साली शिकागोत दोन गोष्टी घडल्या. घरगुती वस्तूंच्या राष्ट्रीय प्रदर्शनात कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीनं ‘क्रॉक-पॉट’ नावाचं विजेवर चालणारं एक जाडजूड भांडं मांडलं. आणि ३० जुलैच्या मध्यरात्री शहराच्या दक्षिणेकडचा ‘युनियन स्टॉकयार्ड्स’ हा गुराडुकरांचा अवाढव्य बाजार कायमचा बंद झाला. १८६५ च्या नाताळच्या दिवशी उघडलेल्या या आवारातून शंभर वर्षांहून अधिक काळ अमेरिकेच्या ताटात मांस पोचत होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तरी पुढच्या काही वर्षांत आयोवा, ओहायो, मिझूरीकडच्या घरांत त्या भांड्यात जे शिजू लागलं, त्यात दाट ग्रेव्हीतले डुकराचे चॉप हा अगदी नेहमीचा बेत होऊन बसला.

गंमत अशी, की हे भांडं ज्या पदार्थावरून सुचलं, तो पदार्थ ज्यांच्या घरचा, त्यांच्या स्वयंपाकघरात डुकराला उंबरठासुद्धा ओलांडता येत नाही.

ही कथा सुरू होते लिथुआनियात, व्हिल्ना शहराच्या ज्यू वस्तीत. ज्यू धर्मशास्त्रानं शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, एकोणचाळीस प्रकारची कामं वर्ज्य केली आहेत. विस्तव पेटवणं आणि स्वयंपाक करणं ही त्यांतली दोन. मग शनिवारी दुपारी गरम जेवायचं कसं? तोड निघाली ती अशी : शुक्रवारी ऊन उतरायच्या आत बटाटे, घेवड्याच्या बिया, जव, कांदा आणि जमलं तर मांसाचा तुकडा एका भांड्यात भरायचा, पाणी घालून झाकण लावायचं आणि रात्रभर मंद आचेवर सोडून द्यायचं. या पदार्थाला चोलंट म्हणतात. तेराव्या शतकात व्हिएन्नाच्या रब्बी इसाक बेन मोशे यांनी लिहून ठेवलं आहे, की फ्रान्समध्ये आपल्या गुरूच्या घरी त्यांनी तो पाहिला होता. म्हणजे आठशे वर्षांचा पुरावा तर हाताशी आहेच.

घरोघरी रात्रभर आच टिकेल अशी भट्टी कुठली असणार? म्हणून पूर्व युरोपातल्या गावांमध्ये ही भांडी पाववाल्याकडे जात. शब्बाथसाठी पाववाला भट्टी विझवायचा, पण विटांमध्ये साठलेली धग सकाळपर्यंत पुरायची. तमारा नावाची एक मुलगी व्हिल्नात दर शुक्रवारी आईनं भरून दिलेलं भांडं घेऊन अशीच पाववाल्याकडे जात असे. पुढे ती अमेरिकेत आली, तिचं लग्न झालं, मुलं झाली. त्यांपैकी एका मुलाला तिनं ही आठवण सांगितली, आणि तो मुलगा निघाला इंजिनीयर.

इर्व्हिंग नाखुमसोन यांचा जन्म १९०२ चा, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचा. विजेचं इंजिनीयरिंग त्यांनी पत्राद्वारे शिकवणाऱ्या अभ्यासक्रमातून आत्मसात केलं. शिकागोत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी केली, पेटंटच्या कायद्याची परीक्षाही दिली आणि पुढे स्वतःचा कारखाना काढला. त्यांच्या नावावर दोनशेच्या आसपास पेटंट होती. विजेवरची तळणी, इमारतीच्या दर्शनी भागावर सरकत्या अक्षरांत बातम्या दाखवणारी पाटी, असल्या नाना गोष्टींत त्यांचं डोकं चाले. आईच्या पाववाल्याची भट्टी टेबलावर कशी आणता येईल, याचा विचार करून त्यांनी १९३६ साली पेटंटचा अर्ज केला. २३ जानेवारी १९४० रोजी पेटंट मिळालं. महायुद्धाच्या दिवसांत जर्मन वाटणारं आडनाव अडचणीचं ठरू लागलं, तेव्हा नाखुमसोनचे नॅक्सन झाले. त्यांच्या भांड्याचं बाजारातलं नाव होतं ‘नॅक्सन बीनरी’.

या भांड्यातली युक्ती साधी, पण पक्की होती. नेहमीच्या शेगडीवर उष्णता खालून लागते, म्हणून तळ करपतो आणि कुणीतरी ढवळत उभं राहावं लागतं. नॅक्सननी तापणारी तार भांड्याच्या तळाखाली न ठेवता त्याच्या अंगाभोवती गुंडाळली. आतलं भांडं जाड, झिलई दिलेल्या भाजक्या मातीचं, म्हणजे सावकाश तापणारं आणि सावकाश निवणारं. वर झाकण. झाकणाला लागून थंड झालेली वाफ थेंबाथेंबानं परत आत पडते आणि काठाशी पाण्याची एक रेघ धरून बसते, त्यामुळे आतला ओलावा बाहेर जात नाही. मराठी घरातल्या चुलीच्या वैलावर दुधाचं पातेलं तासन्‌तास बसून असायचं, आच असून नसल्यासारखी आणि लक्ष असून नसल्यासारखं, तोच हा प्रकार. फक्त इथं चूल नव्हती, भिंतीतून आलेली वायर होती.

बीनरी खपली ती मुख्यतः लहानसहान खानावळी आणि कॉफीच्या दुकानांत. नाव बीनरी, काम घेवडा शिजवण्याचं. घरच्या गृहिणीला त्यात विशेष काही वाटलं नाही. पन्नाशीचं दशक गेलं, साठीचं गेलं. १९७० मध्ये निवृत्त व्हायच्या बेतात असलेल्या नॅक्सननी आपला धंदा रायव्हलला रोख पैशांत विकला. फळांचा रस काढण्याची यंत्रं विकून मोठ्या झालेल्या रायव्हलच्या लेखी बीनरी ही सौद्यात सोबत आलेली एक किरकोळ वस्तू होती. कंपनीच्या प्रयोग-स्वयंपाकघरात मॅरिलिन नील नावाच्या गृहशास्त्रज्ञ काम करत. घेवड्याखेरीज यात आणखी काही होतं का, हे बघायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी मांस शिजवलं, सूप केलं, पाव आणि केकसुद्धा करून पाहिले, आणि बरंचसं जमलं. रायव्हलनं भांड्याला नवं रूप दिलं, नवं नाव दिलं, सोबत पाककृतींची पुस्तिका जोडली आणि सुमारे पंचवीस डॉलरला ते बाजारात आणलं. रंग त्या काळच्या अमेरिकी स्वयंपाकघराला शोभणारे : अव्होकाडोचा मळकट हिरवा आणि पिकल्या गव्हाचा पिवळा.

१९७१ साली या भांड्यांची विक्री वीस लाख डॉलरची होती. १९७५ साली ती ९ कोटी ३० लाखांवर गेली.

जाहिरातीच्या जोरावर एवढी उडी बसत नाही. १९५० मध्ये अमेरिकेतल्या सोळा वर्षांवरच्या बायकांपैकी साधारण ३४ टक्के नोकरी करत होत्या किंवा ती शोधत होत्या. १९७० मध्ये हा आकडा ४३ टक्क्यांवर आला आणि १९८० पर्यंत निम्म्याच्या पुढे गेला. बाई कामाला बाहेर पडली, पण संध्याकाळी सहाला टेबलावर गरम जेवण हवं, ही घरातल्यांची अपेक्षा जागची हलली नाही. पुरुषांनी स्वयंपाकघरात यावं, हा उपाय अर्थातच कुणाला पटकन सुचला नाही. त्यापेक्षा यंत्र विकत घेणं सोपं होतं. रायव्हलच्या जाहिराती सरळ याच दुखण्यावर बोट ठेवायच्या : सकाळी भरा, कामाला जा, संध्याकाळी वाढा. त्यातच १९७३ चं तेलसंकट आलं. ‘लो’वर, म्हणजे मंद आचेवर, ठेवलेलं हे भांडं जेमतेम ७५ वॅटच्या बल्बाएवढी वीज खायचं, ओव्हनपुढे नगण्यच. स्वस्तातलं चिवट मांस त्यात मऊ व्हायचं, आणि महागाईच्या त्या दिवसांत ही बाब लहान नव्हती.

१९७४ मध्ये आतलं मातीचं भांडं बाहेर काढून धुता येईल अशी सोय झाली. त्याआधी ते विजेच्या कवचातच पक्कं बसवलेलं असे. वायर सांभाळत ओट्यावर ते खंगाळण्याचा ताप ज्यांनी सोसला होता, त्यांना या सुधारणेचं मोल वेगळं सांगावं लागलं नसेल. पुढच्याच वर्षी मेबल हॉफमन यांचं ‘क्रॉकरी कुकरी’ आलं. कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरात वीसहून अधिक भांडी एकाच वेळी लावून त्यांनी पाककृती तपासल्या होत्या म्हणतात. पुस्तक लाखांनी खपलं.

भांड्याची कुळकथा इथवर आली. आता चॉपची.

चॉप म्हणजे डुकराच्या पाठीच्या कण्यालगतचा, हाडासकट आडवा कापलेला तुकडा. आज अमेरिकेत तो कुठल्याही दुकानात बारा महिने मिळतो, पण शे-दीडशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. शेतकरी थंडी पडली की, नोव्हेंबर-डिसेंबरात, डुकरं मारायचे. मांड्यांचं हॅम व्हायचं, पोटाच्या पट्ट्यांचं बेकन, उरलेलं मांस मिठाच्या पाण्यात पिंपात. ताजा चॉप ही त्या आठ-पंधरा दिवसांचीच चंगळ. वर्षभर पोट भरायचं ते खारवलेल्या मांसानं. १८४० च्या सुमारास ओहायो नदीकाठचं सिनसिनाटी हे या धंद्याचं मोठं केंद्र होतं. डुकरं रस्त्यांतून हाकत कत्तलखान्यांकडे नेली जात, आणि गावाला ‘पोर्कोपोलिस’ असं टोपणनाव पडलं होतं. चरबीचे ढीग निघत. त्या चरबीपासून मेणबत्त्या आणि साबण करायला विल्यम प्रॉक्टर आणि जेम्स गँबल या साडूंनी १८३७ साली एक कंपनी काढली. तीच आजची प्रॉक्टर अँड गँबल. यादवी युद्धाच्या काळात रेल्वेच्या बळावर शिकागोनं सिनसिनाटीला मागं टाकलं, आणि १८८० च्या आगेमागे गुस्ताव्हस स्विफ्ट यांच्या कंपनीनं बर्फानं थंड ठेवलेले रेल्वेचे डबे धावते केले. ताजं मांस हजारो किलोमीटर दूर जाऊ लागलं. चॉप रोजच्या आवाक्यात आला तो इथं.

आणि ग्रेव्ही? तिचं मूळ शोधायला दक्षिणेकडे जावं लागतं.

दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांना शिधा म्हणून डुकराचंच मांस मिळे, तेही ठरलेल्या मापानं. स्वतः गुलामीत वाढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात मेरीलँडमधल्या मळ्याचं माप दिलं आहे : महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढीच मासळी, आणि एक बुशेल मक्याचं पीठ. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या थोडं वर. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाला महिनाभर. पाठीचे चांगले तुकडे मालकाच्या टेबलावर जायचे. गुलामांच्या वाट्याला चरबी, पाय, डोकं, आतडी. थोड्या मांसात पुष्कळ तोंडं भागवायची तर रस वाढवणं आलंच. गुलामगिरी संपल्यावर, चार पैसे हाती आल्यावर, या माणसांच्या चुलीवर चॉपही आला आणि त्याच हातोटीनं शिजू लागला. चॉपला मीठ-मिरपूड लावून मैद्यात घोळवायचं, बीडाच्या तव्यात चरबीवर दोन्ही बाजूंनी खरपूस करायचं, बाजूला काढून त्याच चरबीत उभा चिरलेला कांदा आणि उरलेला मैदा तांबूस होईतो परतायचा, पाणी घालून तव्याला चिकटलेलं सगळं खरवडून घ्यायचं आणि चॉप परत आत सोडून वर झाकण. अर्धा-पाऊण तास मंद आच. याला ‘स्मदर्ड पोर्क चॉप्स’ म्हणतात, रश्शात बुडवून-कोंडून शिजवलेले. १९१६ च्या सुमारास सुरू झालेल्या आणि १९७० पर्यंत चाललेल्या महास्थलांतरात साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉईट, न्यूयॉर्ककडे गेले. हा पदार्थही त्यांच्याबरोबर गेला.

स्लो कुकरच्या, म्हणजे क्रॉक-पॉटसारख्या भांड्यांच्या, पुस्तिकांमध्ये जो चॉप दिसतो, तो याच पदार्थाचा गोरा, नोकरदार भाऊ. त्याची ग्रेव्ही डब्यातून येते. कँबेल कंपनीनं १९३४ साली मशरूमचं घट्ट सूप डब्यात भरून विकायला काढलं, आणि मध्य-पश्चिमेतल्या गृहिणींनी ते सूप म्हणून कमी आणि आयता सॉस म्हणून जास्त वापरलं. १९५२ साली लिप्टनचं कांद्याच्या सूपचं पाकीट आलं. त्यानंतरची कृती एका दमात सांगता येते : चॉप तळाला, वर सूपचा डबा, वर पाकीट, झाकण, ‘लो’, आठ तास. तव्याची कटकट नाही, कांद्यानं डोळे चुरचुरणं नाही. अशा स्वयंपाकाला नाक मुरडणाऱ्यांची अमेरिकेत वाण नाही. पण सकाळी साडेसहाला पोरांचे डबे भरून सातची बस गाठणाऱ्या बाईनं कांदा तांबूस करत उभं राहावं, असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः तो करून बघावा.

खरी अडचण सूपच्या डब्यात नव्हतीच, ती डुकरात होती.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकी शेतकरी डुक्कर पाळायचा तो मांसाइतकाच चरबीसाठी. ही चरबी, म्हणजे लार्ड, हेच त्या देशाचं तूप-तेल. युद्धाच्या काळात तर घरोघरची वापरलेली चरबी सरकारनं गोळा केली. तिच्यातून निघणारं ग्लिसरीन स्फोटकांसाठी लागे. युद्ध संपलं आणि वनस्पती तेलांनी लार्डला बाजारातून हुसकावलं. त्याची सुरुवात १९११ मध्येच झाली होती, ‘क्रिस्को’ या सरकीच्या तेलाच्या तुपानं. आणि ते काढलं होतं डुकराच्या चरबीवर उभ्या राहिलेल्या त्याच प्रॉक्टर अँड गँबलनं. पुढे डॉक्टरही चरबीच्या मागे लागले. पैदासकारांनी मग पिढ्यान्‌पिढ्या निवड करून लांब, सडपातळ, कमी चरबीचं डुक्कर घडवलं. १९८७ मध्ये डुक्करपालकांच्या संघटनेनं जाहिरात काढली, की डुकराचं मांस म्हणजे ‘दुसरं पांढरं मांस’. पहिलं अर्थात कोंबडीचं. अमेरिकी कृषी खात्यानं २००६ साली नेहमीच्या सहा तुकड्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांत पंधरा वर्षांपूर्वीपेक्षा सरासरी १६ टक्के कमी चरबी भरली. डुक्कर कोंबडी व्हायला निघालं होतं.

म्हणजे जे भांडं चिवट, चरबीदार मांसाला मानवतं, ते घरोघरी पोचलं ती वर्षं नेमकी चॉपमधून चरबी नाहीशी होण्याची. आठ तासांनी झाकण उघडलं, की ग्रेव्ही झकास आणि चॉप मात्र कापडासारखा कोरडा, हा अनुभव त्यामुळे घरोघरचा.

यातली खोच समजून घेण्यासारखी आहे. मांस साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेलं, की त्यातले तंतू आवळतात आणि आपलंच पाणी बाहेर टाकतात. रश्शात बुडालेलं मांससुद्धा यातून सुटत नाही, कारण पाणी बाहेर असून उपयोग काय, ते तंतूंच्या आत हवं. दुसरीकडे तंतूंना बांधून ठेवणारं कोलॅजन सत्तर अंशांच्या वर, काही तासांत, विरघळून जिलेटिन होतं आणि तोच मऊपणा, तीच लुसलुशीत ओल तोंडात जाणवते. खांद्याच्या मांसात कोलॅजनही भरपूर, चरबीही. म्हणून खांदा जितका शिजेल तितका सुधारतो. कमरेच्या बाजूच्या गुळगुळीत, देखण्या चॉपमध्ये दोन्हींचा दुष्काळ. त्यातून फक्त पाणी जातं, बदल्यात काही येत नाही. शिवाय स्लो कुकरच्या ‘लो’ आणि ‘हाय’ यांमधला फरक अंतिम तापमानाचा नसतो. दोन्हींकडे भांडं अखेर उकळीच्या जवळपासच पोचतं, ‘लो’ला वेळ जास्त लागतो इतकंच.

त्यात भीतीची भर होती. डुकराच्या मांसातून ट्रिकिनेला नावाचा कृमी माणसाच्या स्नायूंत शिरतो. म्हणून मांस पार पांढरंफटक होईपर्यंत शिजवा, असं अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्यांच्या मनावर बिंबलेलं. डुकरांना कच्चं उष्टं-खरकटं घालण्यावर १९८० च्या कायद्यानं बंधन आणलं, पाळण्याच्या पद्धती बदलल्या आणि हा धोका अगदी कमी झाला. तरी सरकारी सल्ला ७१ अंशांचाच होता. २०११ मध्ये कृषी खात्यानं अखंड तुकड्यांसाठी तो ६३ अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती, इतका खाली आणला. तव्यावरच्या चॉपला त्यामुळे जीवदान मिळालं. स्लो कुकरमधल्या चॉपला त्याचा फायदा नाही, कारण ते भांडं ६३ वर थांबत नाही.

मग मऊ चॉप होतो कसा? जाणत्या हाताची पहिली युक्ती खाटकाच्या दुकानातच होते : ‘ब्लेड चॉप’, म्हणजे खांद्याकडच्या टोकाचा, हाड असलेला, निदान बोटभर जाडीचा तुकडा मागायचा. तो दिसायला वेडावाकडा, मध्ये पांढऱ्या चरबीच्या रेघा, आणि वर स्वस्त. घरी आणल्यावर मैदा लावून तव्यात दोन्ही बाजूंनी खरपूस करायचा. स्लो कुकरमध्ये हा रंग आणि हा वास कितीही तास ठेवलं तरी येत नाही, कारण ओल्या भांड्याचं तापमान उकळीपलीकडे जात नाही. तळाशी कांद्याचा जाड थर, वर चॉप, आणि रस अगदी बेताचा, चॉप अर्धे बुडतील एवढाच. वाफ बाहेर जात नसल्यानं आणि मांसालाही पाणी सुटत असल्यानं पाच-सहा तासांनी तो आपोआप दुप्पट झालेला दिसतो. झाकण मध्येच उचलायचं नाही. एकदा उचललं, की गेलेली धग परत यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, हे जुन्या पुस्तिकांतही बजावलेलं असे. चॉप बाहेर काढल्यावर वरचा तवंग चमच्यानं काढून टाकायचा आणि गार पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर रसात सोडून ‘हाय’वर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. ढवळताना आधी दुधट दिसणारा रस हळूहळू चकाकू लागतो आणि चमच्याच्या पाठीवर धरतो. तेवढं पुरे. दूध-सायीचं काही घालायचं असेल, तर तेही याच वेळी. आधी घातलं तर फाटतं.

भारतात स्वयंपाकघराची गाडी उलट्या दिशेनं गेली. इंधन महाग, वेळ कमी, डाळ रोजची. त्यामुळे इथं दाबाखाली भराभर शिजवणारा कुकर रुजला. हॉकिन्सचा कारखाना मुंबईत १९५९ साली सुरू झाला आणि शिट्ट्या मोजणं हे मराठी घरातलं वेळेचं माप झालं. सावकाश शिजवणारं यंत्र मात्र आपल्याकडे क्रॉक-पॉटच्या कितीतरी आधी येऊन गेलं होतं. कलकत्त्याचे इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास ‘इकमिक कुकर’ काढला : खाली निखारे, वर डब्यांची चळत, सकाळी लावून जा आणि परतल्यावर जेवा. डुकराच्या मांसाचं म्हणाल, तर गोव्याच्या सोरपोतेलला किंवा वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांच्या विंदालूला कोरडेपणाची तक्रार शिवत नाही. तिथं चरबी काढून टाकण्याचा उद्योग कुणी केला नाही, आणि व्हिनेगरमध्ये मुरलेला पदार्थ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ज्यांच्या घरी राजमा होतो, त्यांच्यासाठी एक सावधगिरीची गोष्ट. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं आणि ते नष्ट व्हायला खळखळती उकळी लागते. स्लो कुकरच्या मंद आचेत ते उरतं, क्वचित त्याचा जोर वाढतोही. त्यामुळे भिजवलेला राजमा आधी निदान दहा मिनिटं नीट उकळून, ते पाणी फेकूनच या भांड्यात टाकायचा. ज्या यंत्राचं पहिलं नाव बीनरी होतं, त्याच्याबद्दल हा इशारा द्यावा लागतो.

ऐंशीच्या दशकात मायक्रोवेव्हनं स्लो कुकरला माळ्यावर चढवलं. तो पुन्हा खाली आला, कंपन्या बदलत राहिल्या, झाकणं काचेची झाली, वेळ लावायची बटणं आली. जानेवारी २०१८ मध्ये ‘धिस इज अस’ या मालिकेत जुन्या स्लो कुकरमुळे घराला आग लागल्याचं दाखवलं, तेव्हा प्रेक्षकांनी आपापले कुकर बाहेर काढायची भाषा केली आणि क्रॉक-पॉटला खुलासे द्यावे लागले. तोवर कॅनडात जन्मलेला इन्स्टंट पॉट स्पर्धेत उतरला होता. दाबाखालीही शिजवतो, सावकाशही. न्यू जर्सी-शिकागोकडच्या मराठी घरांत वरणभातासाठी तोच जास्त दिसतो, यात नवल नाही. त्यांचा जीव मुळात शिट्टीवर.

सनातनी ज्यू घरांमध्ये मात्र स्लो कुकर शब्बाथचा म्हणून टिकून आहे. आपल्या कोकणात बेने इस्राएल ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तोच शनिवार ब्रुकलिनमध्ये या भांड्यात चोलंट होऊन रात्रभर शिजतो. पण नॅक्सननी तार भांड्याच्या अंगाभोवती गुंडाळली, त्यातून धर्मशास्त्राचा एक पेच उभा राहिला. शब्बाथसाठी अन्न विस्तवावर ठेवलेलं चालतं, उष्णता देणाऱ्या वस्तूत गुंडाळून ठेवलेलं चालत नाही. मग ज्याच्या चारी भिंती तापतात, त्या भांड्यात ठेवणं म्हणजे विस्तवावर ठेवणं की गुंडाळणं? रब्बींमध्ये यावर एकमत नाही. काही जण तसंच वापरू देतात. काही सांगतात, की आतलं भांडं कवचात पुरतं बसू देऊ नका, खाली दगड किंवा अॅल्युमिनियमच्या कागदाचे गोळे ठेवून ते थोडं उचला, म्हणजे ते गुंडाळलेलं राहत नाही. त्यामुळे अनेक घरांत शुक्रवारी दुपारी चोलंट भरण्याआधी कुणीतरी तो कागद फाडून त्याचे गोळे वळत बसलेलं असतं.